गालिच्यावर सांडलेली लाल वाइन

श्रोतेहो, नमस्कार.

लाल वाइन प्यावी की पिऊ नये, हा प्रश्न मी आज हाती घेतलेला नाही. ती गालिच्यावर किंवा सोफ्यावर सांडली तर काय करावे, एवढ्यापुरतेच मला बोलायचे आहे. गोव्याहून परतणाऱ्या पाहुण्याच्या पिशवीत गोड पोर्ट वाइनची बाटली असणे ही जुनीच गोष्ट. गेल्या पंचवीस-तीस वर्षांत नाशिकच्या द्राक्षमळ्यांजवळ वाइनचे कारखाने वाढले आणि सणासमारंभाच्या टेबलावर लाल वाइनचा पेला दिसू लागला. त्याच काळात सतरंजीवर आणि जाजमावर बसणारी आपली घरे फिकट रंगाच्या सोफ्यांवर बसू लागली. सतरंजी उचलून धुता येते. सोफा उचलून धुता येत नाही.

दोन वर्षांपूर्वी डिसेंबरात माझ्या धाकट्या बहिणीच्या पुण्यातील घरी पोर्ट वाइनचा भरलेला पेला लोकरीच्या गालिच्यावर आणि सोफ्याच्या कडेवर एकदमच उलटला. पुढच्या दोन मिनिटांत तेथे जमलेल्या सहा माणसांनी चार उपाय केले. एकाने मूठभर मीठ टाकले, एकीने गरम पाणी ओतले, भाऊजींनी भांड्यांच्या घासणीने डाग घासायला घेतला, आणि मी, ज्याला या विषयातले थोडेफार कळते असे घरात मानतात, तो स्वयंपाकघरातून खाण्याचा सोडा आणायला धावलो. सोडा पडताच लाल डाग निळसर राखाडी झाला आणि सगळे माझ्याकडे पाहू लागले. त्या संध्याकाळी जे जे चुकले, त्याच्या कारणांपासूनच सुरुवात करणे बरे.

काळ्या द्राक्षाच्या बहुतेक जातींचा गर पांढुरकाच असतो. रंग सालीत असतो. लाल वाइन करताना रस सालींसह कित्येक दिवस आंबवतात, त्यामुळे सालीतला रंग आणि तुरटपणा, म्हणजे टॅनिन, दोन्ही रसात उतरतात. या रंगद्रव्यांना अँथोसायनिन म्हणतात. जांभूळ, करवंद आणि कोकम यांचे रंगही याच कुळातले आहेत. (बीटाचा लाल रंग मात्र वेगळ्या कुळातला.) अँथोसायनिनचा स्वभाव असा, की आंबट द्रवात तो लाल दिसतो आणि साबण, सोडा किंवा चुना यांसारख्या अल्कलीत निळ्या-हिरव्याकडे झुकतो. जांभळाचे डाग पडलेला शाळेचा सदरा आईने साबण लावून धुवायला घेतला की डाग आणखी गडद निळा होत असे, हे ज्यांनी पाहिले आहे त्यांना निराळे उदाहरण नको. वाइनचा सामू साधारणपणे ३.३ ते ३.८ इतका, म्हणजे चांगलाच आंबट असतो. सोड्याने मी त्यातला आंबटपणा मारला. रंग गेला नाही, त्याने केवळ रूप पालटले.

रंगाच्या जोडीला टॅनिन असते, आणि ते अधिक चिवट. आपल्याकडचे रंगारी सुती कापड रंगवण्याआधी ते हिरड्याच्या पाण्यात बुडवतात, कारण हिरड्यातील टॅनिन धाग्याला धरते आणि पुढचा रंग पक्का करायला मदत करते. वाइन रंग आणि तुरटपणा दोन्ही एकाच पेल्यात घेऊन येते. शिवाय तिच्यातील १२ ते १४ टक्के अल्कोहोलमुळे ती धाग्याच्या आत साध्या पाण्यापेक्षा लवकर शिरते. लोकर आणि रेशीम यांना तर रंगाऱ्याकडेही बहुधा आम्लयुक्त द्रवात रंगवतात. तेव्हा लोकरी गालिच्यावर वाइन सांडणे म्हणजे, नकळत का होईना, तो गालिचा रंगाच्या हंड्यात टाकणेच होय. रंगाऱ्याचा हंडा तापलेला असतो आणि कापड त्यात बराच वेळ राहते. आपल्या बाजूने एवढेच आहे की सांडलेली वाइन थंड असते आणि आपण लगेच हालचाल करू शकतो. गरम पाणी ओतून आम्ही ती जमेची बाजूही घालवली.

म्हणून पहिली पाच मिनिटे रसायनांची नव्हेत, टिपण्याची आहेत. घरात जुना पांढरा पंचा किंवा धोतराचा तुकडा असेल तर त्याहून उत्तम साधन नाही. रंगीत टॉवेल घेऊ नये, कारण त्याचाच रंग ओल्या गालिच्यावर उतरू शकतो. कापडाची चौपदरी घडी डागावर ठेवावी आणि तळहाताने सरळ खाली दाबावे, टीपकागद दाबतात तसे. घडी लाल झाली की पालटून कोरडी बाजू घ्यावी. डागाच्या कडेकडून मध्याकडे यावे, म्हणजे तो पसरत नाही. चोळू नये, घासू तर मुळीच नये: चोळल्याने वाइन धाग्याच्या पिळात आणि खाली, गालिच्याच्या बुडात ढकलली जाते, घासणीने लोकरीची लव विस्कटते आणि ती मग कितीही विंचरली तरी पूर्ववत होत नाही. कापडावर लाल उतरणे थांबले की चमचाभर थंड पाणी डागावर सोडावे आणि पुन्हा टिपावे. ही पाणी-टिपणी दहा-बारा वेळा करावी लागते. कंटाळवाणे काम आहे, परंतु ताज्या डागाचा बराचसा भाग एवढ्यानेच निघून येतो, हे मी पुन्हा पुन्हा पाहिले आहे.

आता मिठाविषयी, कारण त्यावर लोकांची अपार श्रद्धा आहे. मीठ थोडा ओलावा शोषते एवढेच. रंगावर त्याची रासायनिक क्रिया होत नाही. पंचा हाताशी असताना मीठ टाकणे म्हणजे शोषून घेण्याचे काम कमी कुवतीच्या गड्याला देणे आहे, आणि लवेत अडकलेले मिठाचे कण मुंबई-कोकणच्या दमट हवेत पुढे पावसाळाभर ओल धरून ठेवतात. लाल डागावर पांढरी वाइन ओतण्याचा सल्लाही ऐकू येतो. तीत पाणीच बहुतांश असल्याने डाग विरळ होतो, हे खरे. पण मग नळाचे पाणी काय वाईट?

टिपणे संपले आणि फिकट गुलाबी छटा उरली, की रसायनांचा विचार करावा, आणि त्याआधी आपल्यासमोरचा धागा कोणता आहे हे ठरवावे. माझ्या मते डाग कशाचा यापेक्षा कापड कशाचे हा प्रश्न मोठा आहे, आणि नेमका तोच कोणी विचारत नाही. भदोही-मिर्झापूरकडचे हाताने गाठी मारलेले गालिचे बहुधा लोकरीचे, काश्मिरी गालिच्यांत लोकरीबरोबर रेशीमही असते, बाजारातील स्वस्त यंत्रमागाचे गालिचे बहुधा पॉलिप्रॉपिलीनचे. विकत आणलेल्या सोफ्याच्या तळाशी किंवा गादीखाली कधी कधी एक चिठ्ठी शिवलेली असते. तिच्यावर इंग्रजी 'डब्ल्यू' असेल तर पाण्याने स्वच्छ करता येते. 'एस' असेल तर पाणी नको, केवळ कोरड्या धुलाईचे द्रावक. 'डब्ल्यू-एस' म्हणजे दोन्ही चालतात. आणि 'एक्स' असेल तर केवळ व्हॅक्यूम क्लीनर फिरवावा, बाकी काही करू नये. आपल्याकडे सोफा बहुधा ओळखीच्या कारागिराकडून करून घेतलेला असतो आणि त्याला चिठ्ठी नसते. अशा वेळी सोफा उलटा करून तळाशी जेथे कापड खिळे किंवा पिना मारून बसवलेले असते तेथून चार धागे काढावेत आणि चिमट्यात धरून, पाण्याचे भांडे जवळ ठेवून, मोरीत जाळून पाहावेत. केस जळल्यासारखा वास आला तर लोकर किंवा रेशीम, कागद जळल्यासारखा आला तर सूत, ताग किंवा व्हिस्कोस, आणि धागा वितळून त्याची कडक गोळी झाली तर कृत्रिम धागा. मिश्र कापडात या खुणा एकमेकींत मिसळतात, तेव्हा त्यातल्या नाजूक धाग्याला धरून चालावे.

लोकर असेल तर एक लिटर थंड किंवा कोमट पाण्यात लोकरीच्या कपड्यांसाठीचा सौम्य द्रव साबण एक चहाचा चमचा आणि पांढरे व्हिनेगर एक चहाचा चमचा घालावे, त्यात कापड भिजवून पिळावे आणि त्या ओलसर कापडाने डाग दाबत राहावे. कपडे धुण्याची नेहमीची पावडर लोकरीला वापरू नये. ती अल्कलीयुक्त असते, आणि तिच्यात प्रथिने तोडणारी विकरे असतील तर ती डागाबरोबर लोकरही खातात, कारण लोकर हेही प्रथिनच आहे. शालू-पैठणीला आपल्या आज्या रिठ्याचे पाणी वापरत, आणि ते धाग्याला सौम्यच असते. मात्र ते स्वतः तपकिरी असते, म्हणून फिकट गालिच्यावर एक डाग काढताना दुसरा पडू नये याची काळजी घ्यावी.

सूत आणि कृत्रिम धागा यांसाठी उपाय अधिक जोमदार आहे: ३ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड आणि भांड्यांचा द्रव साबण समप्रमाणात, आयत्या वेळी मिसळून. पेरॉक्साइडमधला ऑक्सिजन रंगद्रव्याचा रेणूच मोडतो, म्हणून येथे डाग लपत नाही, नाहीसा होतो. औषधाच्या दुकानात बाटली घेताना लेबल वाचावे: '१० व्हॉल्यूम' म्हणजे ३ टक्के आणि '२० व्हॉल्यूम' म्हणजे ६ टक्के. दुसरी बाटली मिळाली तर तीत तितकेच पाणी घालावे. मिश्रण आधी सोफ्याच्या मागच्या न दिसणाऱ्या भागावर लावून, दहा मिनिटांनी पांढऱ्या कापडाने दाबून पाहावे. कापडावर सोफ्याचा रंग उतरला किंवा तेथील छटा फिकी झाली तर हा उपाय आपला नव्हे. चाचणी पार पडली तर डागावर लावून वीस ते तीस मिनिटे थांबावे, टिपावे, लागल्यास पुन्हा लावावे. उरलेले मिश्रण बाटलीत भरून झाकण लावून ठेवू नये. वायू तयार होत राहतो आणि बाटली फुटू शकते. रेशमाला आणि वनस्पतिज रंगांच्या जुन्या गालिच्यांना पेरॉक्साइड दाखवूही नये. क्लोरीनयुक्त ब्लीच तर कोणत्याच गालिच्यासाठी नको: ते लोकर आणि रेशीम विरघळवते, आणि व्हिनेगर किंवा अमोनियाशी त्याची गाठ पडली तर विषारी वायू सुटतो.

चामडे आणि रेक्झिन यांच्याबद्दल फारसे सांगण्यासारखे नाही. लगेच पुसावे, साबणाच्या ओलसर फडक्याने पुन्हा पुसावे, शिवणीत काही मुरले नाही ना ते पाहावे.

कोणताही साबण वापरला असेल तर फेस येणे थांबेपर्यंत साध्या पाण्याने टिपणे आवश्यक आहे. मागे राहिलेला साबण धूळ पकडतो आणि महिन्या-दोन महिन्यांत त्याच जागी काळपट वर्तुळ उमटते, ज्याला लोक "डाग परत आला" असे म्हणतात. पोर्ट वाइनमधली साखरही तेच करते. खरोखर परत येणारा डाग निराळा, आणि तो दुसऱ्या दिवशी सकाळीच दिसतो. बहिणीच्या घरी आम्ही रात्री साडेअकराला विजयी मुद्रेने झोपलो आणि सकाळी सातला सोफ्यावर पुन्हा गुलाबी नकाशा उमटलेला होता. त्याचे कारण असे, की वरचे कापड स्वच्छ झाले तरी फोममध्ये उतरलेली वाइन तेथेच असते. कापड वरून वाळू लागले की खालचे पाणी दिव्याच्या वातीतून तेल चढावे तसे धाग्यांतून वर चढते आणि रंग पृष्ठभागावर सोडून उडून जाते. म्हणून शेवटच्या टिपणीनंतर कोरड्या पंचाची जाड घडी डागावर ठेवून तिच्यावर वजन ठेवावे आणि रात्रभर तसेच राहू द्यावे. वर चढणारा रंग घडीत जातो. पाटा-वरवंट्यातला पाटा, खाली प्लास्टिकचा कागद घालून, या कामी फार चांगला. सकाळी घडी काढून पंखा पूर्ण वेगाने लावावा. इस्त्री किंवा केस वाळवण्याचे यंत्र नको, कारण उष्णतेने उरलासुरला रंग आणि साखर दोन्ही धाग्यात पक्के होतात. पावसाळ्यात फोम दोन दिवसांत वाळला नाही तर कुबट वास आणि बुरशी ठरलेलीच, त्यामुळे सोफ्याची गादी चेन काढून कव्हराबाहेर घेता येत असेल तर ती घ्यावी. तागाचे बूड असलेल्या गालिच्यावर पाणी ओतू नये; ताग फार भिजला की त्यातला तपकिरी रंग लवेवर चढतो आणि तो डाग काढणे वाइनपेक्षा जड जाते.

वाळून गेलेल्या जुन्या डागासाठी हेच उपाय आहेत, फक्त आधी थंड पाण्यात भिजवून पिळलेले कापड अर्धा तास डागावर ठेवून तो ओला करून घ्यावा, आणि यश अर्धेमुर्धे मिळेल हे धरून चालावे. रेशमी, वारशाने आलेला किंवा ज्याचा धागाच ओळखू येत नाही असा गालिचा असेल तर टिपून झाल्यावर थांबावे आणि जाणकार धुलाईवाल्याकडे द्यावा. त्याला आपण काय काय लावले ते लपवू नये. अशा डागांवर तो कधी कधी सल्फाइट जातीची रसायने वापरतो. सरबत टिकवण्यासाठी घरोघरी वापरतात ते केएमएस, म्हणजे पोटॅशियम मेटाबायसल्फाइट, त्याच कुळातले. ही रसायने पेरॉक्साइडच्या नेमकी उलट रीतीने काम करतात, म्हणून आपण लावलेले पेरॉक्साइड धाग्यात शिल्लक असेल तर दोन्ही परस्परांना निकामी करतात आणि डाग आहे तेथेच राहतो. बहिणीचा गालिचा न्यायला आलेल्या कारागिराने डागाला काय काय लावले हाच पहिला प्रश्न विचारला होता, आणि मिठापासून सोड्यापर्यंतची आमची यादी त्याने शांतपणे एका चिठ्ठीवर लिहून घेतली.

नमस्कार.