आत्यासाठी ११६ अंश

नमस्कार श्रोतेहो.

कागद-पेन्सिल जवळ असू द्या. प्रमाण मी दोनदा सांगणार आहे, एकदा मध्ये आणि एकदा अगदी शेवटी, त्यामुळे आत्ताच उठून धावपळ करू नका. आज आपण घरी कॅरमेलच्या वड्या करणार आहोत. त्या आपल्यासाठी नाहीत, घरातल्या कुणाला तरी भेट द्यायच्या आहेत.

मी त्या पहिल्यांदा केल्या माझ्या आत्याच्या वाढदिवसाला. रंग सुरेख आला होता, वास घरभर पसरला होता. डबा घेऊन मोठ्या ऐटीत गेले. आत्यानं एक वडी तोंडात टाकली, दोनदा चावली, आणि तिसऱ्यांदा चावता चावता तिचा जबडा थबकला. दाढेवरची कॅप वडीसकट बाहेर आली! आत्यानं कॅप पुसून रुमालात बांधली, वडी मात्र परत तोंडात ठेवली आणि म्हणाली, "चव छान आहे गं. पण हे खायला तुझ्या वयाचे दात लागतात."

तेव्हापासून माझा क्रम बदलला. आधी ठरवायचं की वड्या कुणाला द्यायच्या आहेत, त्याचे दात कसे आहेत, त्याला चघळायला आवडतं की जिभेवर विरघळवायला. गॅस त्यानंतर पेटवायचा. कारण मऊ वडी आणि दात काढणारी वडी यांच्यात साहित्याचा काहीच फरक नसतो. फरक असतो पाच-सहा अंशांचा.

हे अंश काय मोजतात ते सांगते. पाणी समुद्रसपाटीला १०० अंश सेल्सिअसला उकळतं. त्यात साखर विरघळली की उकळायला जास्त उष्णता लागते, आणि पाणी जसजसं उडून जातं तसतसं पाकाचं तापमान वर सरकतं. म्हणजे थर्मामीटरवर आपण वाचतो ११८, पण आपल्याला खरं कळतं ते पातेल्यात पाणी किती उरलंय. साध्या साखरेच्या पाकाचं उदाहरण घ्या. ११५ अंशांच्या आसपास त्यात साखर साधारण ८५ टक्के असते, ११८ ते १२० ला ८७ टक्के. १२५ च्या पुढे ९२ टक्के, आणि १५० ला जवळजवळ ९९ टक्के, तिथे त्याची काच होते. ८५ आणि ८७ मध्ये काय मोठा फरक, असं वाटेल. दातांना विचारा.

माझं पहिल्यांदा नेमकं काय चुकलं, तर मी रंगावर विसंबले. थर्मामीटर नव्हता. वडी छान तपकिरी दिसेपर्यंत आटवत राहिले. पण कॅरमेलमध्ये रंग आणि घट्टपणा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि त्या दोन वेगळ्या वेळी ठरतात. रंग आणि चव बहुतांशी पहिल्या टप्प्यात ठरते, नुसती साखर १७० अंशांच्या आसपास जाते तेव्हा. घट्टपणा ठरतो दुसऱ्या टप्प्यात, क्रीम घातल्यानंतर. दुसऱ्या टप्प्यात रंगाकडे बघून गॅस बंद करणं म्हणजे घड्याळात बघून ताप मोजणं.

तर आता प्रमाण. साखर २०० ग्रॅम. ग्लुकोज सिरप ८० ग्रॅम. पाणी ६० मिलिलिटर. क्रीम २०० मिलिलिटर, ३५ टक्के फॅटचं मिळालं तर उत्तम. २५ टक्क्यांचंही चालतं, पण त्यात पाणी जास्त असल्यामुळे आटायला वेळ लागतो. बिनमिठाचं लोणी ६० ग्रॅम. मीठ अर्धा छोटा चमचा. व्हॅनिला इसेन्स एक छोटा चमचा. एवढ्यात पंधरा सेंटिमीटरच्या चौकोनी डब्यात ओतून साधारण दीड सेंटिमीटर जाडीच्या, पन्नासेक छोट्या वड्या होतात.

ग्लुकोज सिरप कशाला, असा प्रश्न येतोच. साखर स्वभावानं फार कळपात राहणारी. संधी मिळाली की तिचे कण पुन्हा एकत्र येऊन दाणे धरतात, आणि सगळा पाक साखरतो. ग्लुकोज सिरपमधले रेणू आकारानं वेगळे असतात, ते मध्ये घुसतात आणि तो कळप जमू देत नाहीत. सिरप नसेल तर साखरेच्या पाण्यात लिंबाच्या रसाचे काही थेंब घाला. आम्लामुळे थोडी साखर फुटून तिचं ग्लुकोज आणि फ्रुक्टोज होतं, आणि काम बरंचसं भागतं. मध घालणारेही आहेत. मला नाही आवडत. मग सगळी वडी मधासारखीच लागते, आणि मध लवकर करपतो तो वेगळाच.

पातेलं जाड बुडाचं घ्या आणि तुम्हाला वाटतं त्याच्या दुप्पट मोठं घ्या. तीन लिटरचं असेल तर निर्धास्त. साखर, सिरप, पाणी एकत्र करून मध्यम आचेवर ठेवा. साखर विरघळेपर्यंत हलवा, उकळी आली की चमचा बाजूला ठेवा. त्यानंतर ढवळायचं नाही. कडेला साखरेचे कण चिकटलेले दिसले तर ओल्या ब्रशनं खाली ढकला. त्यातला एक कण जरी पाकात पडला तरी त्याच्याभोवती बाकीचे जमायला लागतात.

आता रेडिओवर मी तुम्हाला रंग दाखवू शकत नाही, पण आवाज सांगू शकते, आणि स्वयंपाकघरात उभं राहिल्यावर कान फार उपयोगी पडतात. सुरुवातीला पाणी भरपूर असतं, तेव्हा आवाज असतो पावसासारखा, सलग, बारीक. बुडबुडे लहान आणि घाईत. मग हळूहळू आवाज उतरतो. बुडबुडे मोठे होतात, जड होतात, फुटायला वेळ घेतात. पातेलं जवळजवळ गप्प झालं की समजा पाणी संपलं आणि आता साखरेची पाळी. १६० च्या पुढे एका कोपऱ्यात पिवळसर छटा दिसेल. पातेलं उचलून गोल फिरवा, म्हणजे रंग सगळीकडे सारखा होईल. फिका मध, मग गडद मध, मग तांब्याचा रंग. तांब्याला थांबा. धुराची पहिली रेघ दिसली आणि वास नाकात टोचला, तर उशीर झालेला असतो. करपलेली साखर दुरुस्त होत नाही. टाकून द्या आणि पुन्हा करा, दोनशे ग्रॅम साखरेसाठी एवढं क्रीम आणि लोणी वाया घालवू नका.

गॅस बंद करा आणि कोमट केलेलं क्रीम थोडं थोडं ओता. फ्रीजमधलं गार क्रीम ओतलं तर पाक दगडासारखा गोळा होईल, आणि उडेलही. कोमट घातलं तरी फेस तिप्पट-चौपट वर येतोच, म्हणून तर मोठं पातेलं. हात लांब, चेहरा मागे. पूर्ण बाहीचे कपडे घाला, आणि लहान मुलं त्या वेळी स्वयंपाकघरात नकोत, कितीही मदत करायची म्हणाली तरी. उकळतं पाणी अंगावर पडलं तर ओघळून जातं, पाक चिकटून बसतो आणि भाजत राहतो. चुकून उडालाच तर भाजलेला भाग लगेच वाहत्या गार पाण्याखाली वीस मिनिटं धरा. बर्फ नको, लोणी नको. जास्त भाजलं असेल तर डॉक्टरांकडे जा, वड्या राहू देत.

फेस बसला की लोणी आणि मीठ घाला, आणि पुन्हा मंद ते मध्यम आचेवर ठेवा. आता मात्र सतत ढवळायचं, बुडाला लागू द्यायचं नाही. क्रीममुळे तापमान शंभराच्या जवळ उतरलेलं असतं. तिथून ते रेंगाळत वर चढतं. १०५, १०६, मध्ये तर वाटतं थर्मामीटर बिघडला. ११२ च्या पुढे मात्र ते घाई करतं, आणि नेमकी तेव्हाच दाराची बेल वाजते. उघडू नका.

या टप्प्यात रंग आणखी थोडा गडद होतो, पण त्याचं कारण वेगळं आहे. एवढ्या तापमानाला साखर स्वतःहून तपकिरी होत नाही. इथे दुधातली प्रथिनं आणि दुधातल्या व सिरपमधल्या साखरा एकमेकांशी जुळतात. या क्रियेचं वर्णन फ्रान्सच्या लुई-कामीय मायार यांनी १९१२ साली केलं. भाजलेल्या पावाच्या कवचाचा वास त्याच कुळातला. काहीजण पहिला टप्पा वगळून सगळं साहित्य एकत्रच आटवतात, तेव्हा जवळपास सगळा रंग या क्रियेतूनच येतो. ती वडी जास्त दुधाळ, जास्त गोड लागते. लहान मुलांना तीच आवडते. मला साखरेचा किंचित कडवटपणा हवा असतो, म्हणून मी दोन टप्प्यांची पायपीट करते.

थर्मामीटरवर आंधळा विश्वास ठेवू नका, बरं का. करायला घेण्याआधी तो उकळत्या पाण्यात बुडवून बघा. १०० दाखवायला हवा. ९७ दाखवला, तर तो चुकतोय किंवा तुम्ही उंचावर राहताय. दर तीनशे मीटर उंचीला पाणी साधारण एक अंश आधी उकळतं. कारण काहीही असो, जेवढे अंश कमी दिसले तेवढेच प्रत्येक आकड्यातून वजा करा.

थर्मामीटर नसेलच, तर गार पाण्याची वाटी. मिश्रणाचा थेंब पाण्यात सोडायचा आणि बोटांनी गोळा करायचा. गोळी होते पण बाहेर काढल्यावर बोटावर पसरते, ते ११५-११६. गोळी उभी राहते आणि दाबली तर दबते, ते ११८ ते १२०. वाटीवर आपटली तर टक्क वाजली, म्हणजे आत्याची कॅप. परीक्षा चालू असताना पातेलं आचेवरून उतरवायला विसरू नका, नाहीतर तुम्ही गोळी बघेपर्यंत पातेलं पुढे निघून जाईल. हवेत ओल असेल त्या दिवशी एक अंश वर जा, वडी नंतर हवेतलं पाणी ओढून मऊ होतेच.

हवा तो आकडा यायच्या एक अंश आधी गॅस बंद करा, व्हॅनिला घाला, आणि बटर पेपर लावलेल्या डब्यात लगेच ओता. पातेलं स्वतः गरम असतं, ते उरलेला अंश भरून काढतं. बुडाशी चिकटलेलं खरवडून डब्यात घालू नका, ते जास्त शिजलेलं असतं. ते करणाऱ्याचं. तेही गार झाल्यावर!

तीन-चार तास शांतपणे निवू द्या. मग सुरीला लोणी लावून कापा, दोन-दोन सेंटिमीटरचे तुकडे. कापल्यावर चार-दोन वड्या बाजूला ठेवून चाखा. फार कडक झाल्या तर घाबरू नका. सगळं परत पातेल्यात, दोन-तीन चमचे पाणी, मंद आच, वितळवा आणि पुन्हा योग्य आकड्याला आणा. फार मऊ झाल्या तरी तेच, फक्त पाणी न घालता. तूप सुटून वर आलं असेल तर एक चमचा गरम पाणी घालून जोरात ढवळा, बहुतेक वेळा जुळून येतं. एवढं पोटात घालणारी मिठाई क्वचितच सापडेल.

आणि मग गुंडाळणं. हे कुणी आधी सांगत नाही. पन्नास वड्या म्हणजे पन्नास कागद, दहा-दहा सेंटिमीटरचे, ते आधीच कापून ठेवा. उघड्या ठेवल्या तर तासाभरात वड्या ओल्या, चिकट होतात आणि सकाळपर्यंत सगळ्यांचा मिळून एक मोठा गोळा. प्रत्येकीला वेगळा कागद, दोन्ही टोकांना पीळ. दोघंजण बसलात तर अर्ध्या-पाऊण तासाचं काम, एकट्याला सगळी दुपार जाते. भारी पेट्या, रिबिनी यात मला रस नाही, घट्ट झाकणाची बरणी पुरे. पण एक चिठ्ठी जरूर लावा. दूध आणि लोणी आहे, हे लिहा, कधी केल्या ती तारीख लिहा. दोन आठवड्यांत संपवायच्या, गार कोरड्या जागी ठेवायच्या, फ्रीजमध्ये नको. ज्यांना मधुमेह आहे त्यांना बरणीऐवजी दुसरं काहीतरी द्या.

पातेलं घासू नका. पाणी भरून उकळा, सगळं आपोआप सुटतं.

आता ठरल्याप्रमाणे प्रमाण पुन्हा एकदा. साखर २००, ग्लुकोज सिरप ८०, पाणी ६०, क्रीम २००, लोणी ६०, मीठ अर्धा छोटा चमचा, व्हॅनिला एक छोटा चमचा. साखर तांब्याच्या रंगापर्यंत. मग क्रीम, मग लोणी-मीठ. भाच्यासारख्या चघळणाऱ्यांसाठी १२०. बाकी सगळ्यांसाठी ११८. आत्यासाठी ११६. थांबा, ते खोडा. परवाच तिचा फोन आला होता, "अगं, या वेळी फारच मऊ झाल्यात, कागदालाच चिकटतात. म्हातारी झाले म्हणून इतकंही नको." तेव्हा आत्यासाठी ११७.

नमस्कार.