लुका गेला आणि डॅलस पुतळ्यापाशी जमलं

नमस्कार.

डॅलस शहरात अमेरिकन एअरलाइन्स सेंटर नावाचं स्टेडियम आहे. त्याच्या बाहेर एक पुतळा आहे, बास्केटबॉलपटू डर्क नोवित्स्कीचा. एका पायावर उभा, दुसरा गुडघा वर उचललेला, अंग मागे झुकलेलं, दोन्ही हात उंच आणि चेंडू हातातून सुटायच्या बेतात. या शॉटला फेडअवे म्हणतात. फेड म्हणजे विरणं, फिकं पडणं. तोच शब्द धरून चौथऱ्यावर इंग्रजीत एक ओळ कोरली आहे. तिचा अर्थ असा, की निष्ठा कधी फिकी पडत नाही. डर्क एनबीएमध्ये, म्हणजे अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगमध्ये, २१ मोसम खेळला आणि ते सगळेच्या सगळे डॅलस मॅव्हरिक्स या टीमकडून.

फेब्रुवारी २०२५ मध्ये या पुतळ्यापाशी लोकांनी फुलं आणून ठेवली. काही जण तर चक्क शवपेटी घेऊन आले. वारलं कोणीच नव्हतं. डॅलसचा पंचवीस वर्षांचा खेळाडू लुका डॉन्चिच डॅलस सोडून लॉस एंजेलिस लेकर्स या टीमकडे गेला होता. म्हणजे त्याला पाठवलं होतं. आज मला त्या शवपेटीबद्दल बोलायचंय. एवढं दुःख कशाचं झालं, हा प्रश्न मला तेव्हापासून सोडत नाही.

आपल्याकडे तो रविवार होता, २ फेब्रुवारी. मी पोरांना बास्केटबॉल शिकवतो. सकाळची प्रॅक्टिस उरकली होती आणि सिमेंटच्या कोर्टावर ऊन चढत होतं. पावणेअकराच्या सुमारास आमच्या टीममधली एक मुलगी मोबाइल घेऊन माझ्यासमोर येऊन उभी राहिली. "सर, हे खोटं आहे ना?" एवढंच म्हणाली. ही मुलगी दोन वर्षं लुकाचा स्टेप-बॅक घोकत होती. ड्रिबल करत पुढे घुसायचं, बचाव करणारा मागे रेटला गेला की एकदम थांबून एक पाऊल मागे यायचं, आणि त्या हातभर मोकळ्या जागेत शॉट मारायचा. तिला हे मी शिकवलेलं नाही. तिनं ते मोबाइलवर बघून बघून उचललंय. तिच्या अंगातली डॅलसची निळी, लुकाच्या ७७ नंबरची जर्सी घामानं भिजली होती.

मीही आधी खोटंच समजलो. बातमी देणारा शॅम्स शरानिया हा त्या क्षेत्रातला सगळ्यात भरवशाचा पत्रकार, पण अमेरिकेतसुद्धा लोकांनी पहिल्यांदा हेच धरलं की त्याचं अकाउंट कुणीतरी हॅक केलंय. शेवटी हे खरं आहे असं त्याला पुन्हा वेगळं लिहावं लागलं. लेकर्सच्याच लेब्रॉन जेम्सला ही बातमी न्यूयॉर्कमध्ये घरच्यांबरोबर जेवताना कळली. लेकर्सनी त्याच संध्याकाळी तिथे न्यूयॉर्क निक्स टीमला हरवलं होतं. त्याचाही विश्वास बसेना. खुद्द लुका झोपायच्या तयारीत होता, तेवढ्यात फोन आला. आज १ एप्रिल तर नाही ना, हे आपण तपासून बघितलं, असं त्यानं नंतर सांगितलं.

सौदा काय होता ते थोडक्यात सांगतो. लेकर्सना लुका, मॅक्सी क्लेबर आणि मार्कीफ मॉरिस मिळाले. डॅलसला अँथनी डेव्हिस, मॅक्स क्रिस्टी आणि २०२९ च्या ड्राफ्टमधला, म्हणजे टीम पाळीपाळीनं नवे खेळाडू निवडतात त्यातला, लेकर्सचा पहिल्या फेरीचा पिक, म्हणजे निवडीचा हक्क, मिळाला. युटा जॅझ ही तिसरी टीम जुळवाजुळवीपुरती होती. दोन्हीकडचे पगार जुळावे लागतात, आणि लुका नि डेव्हिस दोघांचेही वर्षाला ४ कोटी ३० लाख डॉलरच्या आसपास होते. कागदावर हिशोब चोख बसत होता.

पण कागदाबाहेर काय होतं बघा. लुकाला अजून २६ वं लागायचं होतं. सलग पाच मोसम तो लीगच्या पहिल्या पाच खेळाडूंच्या संघात निवडला गेला होता. जानेवारी २०२४ मध्ये त्यानं अटलांटाविरुद्ध एका सामन्यात ७३ पॉइंट केले होते. त्याच मोसमात त्यानं डॅलसला फायनलला नेलं. तिथे बॉस्टननं ४-१ नं हरवलं, हे खरं. पण आठ महिनेसुद्धा झाले नव्हते त्याला. अशा वयाचा आणि अशा ताकदीचा खेळाडू, ज्यानं स्वतः टीम सोडायची इच्छा दाखवलेली नाही, तो कुणी देत नाही. एनबीएच्या इतिहासात याला तोड शोधणं अवघड आहे.

लीगमधल्या जाणकारांना धक्का बसला तो किमतीचा. आदल्याच उन्हाळ्यात न्यूयॉर्क निक्सनी मिकल ब्रिजेससाठी पहिल्या फेरीचे पाच पिक मोजले होते. ब्रिजेस चांगला खेळाडू आहे, पण तोवर एकदाही ऑल-स्टार, म्हणजे मोसमातल्या निवडक खेळाडूंच्या खास सामन्यासाठी निवडलेला, झालेला नव्हता. आणि लुकासाठी डेव्हिसशिवाय एकच पिक! का, तर डॅलसचे जनरल मॅनेजर निको हॅरिसन यांनी बोलणी फक्त लेकर्सच्या रॉब पेलिंकांशी केली. दोघांची ओळख जुनी, लेकर्सचा गाजलेला खेळाडू कोबी ब्रायंटच्या काळातली. पेलिंका कोबीचे एजंट होते आणि हॅरिसन नायकीत होते. जानेवारीत डॅलसमध्ये दोघं कॉफीला भेटले आणि महिनाभरात सगळं ठरलं. बाकीच्या टीमना पत्ता नाही. लुकाला नाही, डेव्हिसलाही नाही. घरातली जमीन विकायची तरी माणूस चार ठिकाणी भाव विचारतो.

हॅरिसन यांची बाजूही सांगायला हवी. बचावावरच अजिंक्यपद मिळतं, असं त्यांचं म्हणणं होतं. डेव्हिस बचावात पहिल्या रांगेतला, यात वाद नाही. लुकाच्या वजनाबद्दल आणि तंदुरुस्तीबद्दल तक्रारी होत्या. ख्रिसमसच्या सामन्यापासून पोटरी दुखावल्यामुळे तो बाहेरच होता. शिवाय पुढच्या उन्हाळ्यात त्याला पाच वर्षांचा साधारण ३४.५ कोटी डॉलरचा करार द्यायची वेळ येणार होती. एवढी रक्कम एका माणसात गुंतवायची की नाही, हा प्रश्न व्यवस्थापकाला पडणं समजू शकतो मी. टीम बदलल्यामुळे लुकाचा त्या करारावरचा हक्कच गेला, हे मात्र बातम्यांच्या गदारोळात मागे पडलं.

तुम्ही म्हणाल, व्यावसायिक खेळात हे चालायचंच. चालतं, आणि त्याचे नियम आहेत. माझ्या संमतीशिवाय मला हलवता येणार नाही, असं कलम एनबीएतल्या खेळाडूला करारात मागता येतं, पण त्यासाठी लीगमध्ये आठ वर्षं आणि त्यातली चार त्याच टीमकडे झालेली असावी लागतात. लुकाचा सातवा मोसम चालू होता. यापूर्वी याहून वाईट दिवस होते. १९६९ साली बेसबॉलमधल्या कर्ट फ्लडला सेंट लुईसहून फिलाडेल्फियाला पाठवायचं ठरलं, तेव्हा त्यानं नकार दिला. माझी इच्छा न विचारता खरेदी-विक्री करायला मी कुणाची मालमत्ता नाही, असं त्यानं बेसबॉलच्या आयुक्तांना लिहून कळवलं. सुप्रीम कोर्टापर्यंत गेला आणि १९७२ मध्ये हरला. त्याची कारकीर्दही याच लढाईत संपली. आज करार संपल्यावर खेळाडूला हवं तिथे जाता येतं, त्यामागे फ्लडसारख्यांची झीज आहे. बास्केटबॉलमध्ये ऑस्कर रॉबर्टसननं १९७० मध्ये भरलेल्या खटल्यानं तो रस्ता उघडला. माझ्या पोरांना मी ही नावं पाठ करायला लावतो.

पण डॅलसचे लोक रडले ते नियम माहीत नव्हते म्हणून नाही. डर्कचं नि लुकाचं मूळ बघा. १९९८ च्या ड्राफ्टमध्ये डर्कला मिलवॉकीनं निवडलं होतं. त्याच रात्री सौदा झाला आणि तो डॅलसला आला. २०१८ मध्ये लुकाला अटलांटानं निवडलं, आणि त्याच रात्री ट्रे यंगच्या बदल्यात तोही डॅलसला आला. या शहराची दोन लाडकी माणसं अशी अदलाबदलीतूनच आलेली आहेत. डॅलसला ट्रेडचा राग असायचं कारणच नाही.

राग आला तो मोडलेल्या सवयीचा. एक पोरगा परदेशातून येतो, आपल्यासमोर मोठा होतो, हरतो, जिंकतो, म्हातारा होतो आणि इथूनच निवृत्त होतो, हे त्या शहरानं एकदा पूर्ण पाहिलं होतं. डर्कचा शेवटचा मोसम हाच लुकाचा पहिला. डर्क घरच्या मैदानावर शेवटचा सामना ९ एप्रिल २०१९ ला खेळला आणि त्यानं ३० पॉइंट केले. त्याच सामन्यात शेजारी वीस वर्षांचा लुका ट्रिपल-डबल, म्हणजे तीन प्रकारांत दोन आकडी कामगिरी, करत होता. स्टेडियममधल्या हजारो लोकांनी मनातल्या मनात पुढची वीस वर्षं तिथेच मांडून टाकली असणार. आपल्या घरात नाही का, आजोबांची खुर्ची रिकामी व्हायच्या आत नातू तिच्यावर चढून बसतो. मग एका मध्यरात्री कुणीतरी येऊन सांगतं की नातू दिला.

आता आपल्याकडचं आठवा. २०२३ च्या नोव्हेंबरात हार्दिक पंड्या गुजरात टायटन्सकडून ट्रेड होऊन मुंबई इंडियन्समध्ये परत आला आणि डिसेंबरात रोहित शर्माच्या जागी कर्णधार झाला. पुढे १ एप्रिल २०२४ ला वानखेडेवर टॉसच्या वेळी प्रेक्षकांनी हार्दिकची कशी हुर्यो उडवली ते तुम्हाला माहीत आहे. संजय मांजरेकरांना माइकवरून प्रेक्षकांना नीट वागायला सांगावं लागलं. मी टीव्हीसमोर होतो आणि मला फार वाईट वाटलं. निर्णय मालकांचा आणि शिव्या खेळाडूला! त्याच वर्षी जुलैत विश्वचषक घेऊन संघ आला, तेव्हा त्याच वानखेडेवर हार्दिकच्या नावाचा गजर झाला. त्या दिवशी मला हायसं वाटलं.

डॅलसमध्ये गोष्ट उलटी झाली. लुकावर कुणी एक शब्दही काढला नाही. सगळा राग हॅरिसन यांच्यावर. त्यांना काढा, या अर्थाच्या दोन शब्दांच्या घोषणा प्रत्येक सामन्यात, अगदी आपली टीम फ्री थ्रो, म्हणजे फाऊलनंतरचा मोकळा शॉट, घेत असतानासुद्धा. २०१० मध्ये लेब्रॉननं स्वतःहून क्लीव्हलँड सोडलं तेव्हा लोकांनी त्याच्या जर्सी जाळल्या होत्या. म्हणजे प्रेक्षक आंधळेपणानं चिडत नाहीत. कोण गेलं आणि कुणाला घालवलं, हे त्यांना बरोबर कळतं. वानखेडेवर आपण तिथेच चुकलो, असं माझं स्पष्ट मत आहे.

अँथनी डेव्हिसबद्दलही बोलायला हवं, कारण या गोंधळात त्याच्याकडे कुणी बघितलंच नाही. त्यानं २०२० मध्ये लेकर्सना अजिंक्यपद मिळवून दिलं होतं. त्यालाही न विचारताच उचललं. ८ फेब्रुवारीला डॅलसकडून पहिल्या सामन्यात त्यानं २६ पॉइंट, १६ रिबाउंड (हुकलेल्या शॉटनंतर पकडलेले चेंडू) आणि ७ असिस्ट (बास्केट घडवणारे पास) केले आणि त्याच सामन्यात जांघेचा स्नायू दुखावून बाहेर गेला. बाहेर पुतळ्यापाशी लोक दुसऱ्याचा शोक करतायत आणि आत हा माणूस जीव तोडून खेळतोय. दोन दिवसांनी लॉस एंजेलिसमध्ये लुकाचा लेकर्सकडून पहिला सामना झाला. प्रेक्षकांत डर्क बसला होता. एका शब्दाचं भाषण न करता त्यानं आपली बाजू सांगितली.

आणि मग ९ एप्रिल २०२५. डर्कच्या त्या शेवटच्या घरच्या सामन्याला बरोबर सहा वर्षं झाली होती. लुका लेकर्सची जर्सी घालून डॅलसला आला. प्रत्येक खुर्चीवर एक टी-शर्ट ठेवला होता आणि त्यावर त्याच्या भाषेत, स्लोव्हेनियनमध्ये, 'सगळ्याबद्दल धन्यवाद' असं छापलं होतं. सामन्याआधी मोठ्या पडद्यावर त्याच्या सात मोसमांची चित्रफीत लावली. लुका बाकावर बसून बघत होता. आधी ओठ दाबून धरले, मग मान खाली गेली, मग टॉवेल डोळ्यांना लावला. मी ते रेकॉर्डिंग किती वेळा पाहिलंय ते सांगत नाही. आपल्याकडून आज खेळणं होणार नाही, असं त्याला त्या क्षणी वाटलं होतं. आणि मग तो उठला आणि त्यानं ४५ पॉइंट केले. लेकर्स ११२-९७ नं जिंकले. आपली टीम हरत असताना डॅलसचे लोक त्याच्या प्रत्येक बास्केटला उभे राहून टाळ्या वाजवत होते. माझ्या आयुष्यात मी असा होम क्राउड दुसरा पाहिलेला नाही.

पुढचं लवकर सांगतो. लेकर्स त्या वर्षी पहिल्याच फेरीत मिनेसोटाकडून हरले. डॅलसचा काइरी अर्व्हिंग मार्चमध्ये गुडघ्याचा लिगामेंट तुटून बसला आणि टीम प्लेऑफला पोचलीच नाही. मेमध्ये ड्राफ्टच्या लॉटरीत अवघी १.८ टक्के शक्यता असताना डॅलसला निवडीचा पहिला नंबर लागला आणि कूपर फ्लॅग हा नवा खेळाडू आला. पोरगा गुणी आहे. लुकानं ऑगस्टमध्ये लेकर्सशी तीन वर्षांचा १६.५ कोटी डॉलरचा करार केला. नव्या मोसमात डॅलसच्या पहिल्या ११ सामन्यांत ३ विजय आणि ८ पराभव झाले. घोषणा थांबल्या नव्हत्याच.

१० नोव्हेंबरला डॅलसमध्ये मिलवॉकीशी सामना होता. टीमचे मालक पॅट्रिक ड्युमॉन्ट कोर्टाला लागून बसले होते. त्यांच्या शेजारी बसून एक अठरा वर्षांचा मुलगा बराच वेळ त्यांच्याशी बोलत होता. डॅलसचाच चाहता. पूर्वी मालकांना उद्देशून आपण वाईट बोललो, त्याची माफी मागायला तो आला होता. मालकांनी त्याला सांगितलं, की त्या ट्रेडचं त्यांनाही फार वाईट वाटतं. हे त्या मुलानंच नंतर पत्रकारांना सांगितलं. दुसऱ्या दिवशी सकाळी हॅरिसन यांना पदावरून काढल्याची बातमी आली. त्या मुलाचा फोटो मी आमच्या मुलीला दाखवला. डॅलसच्या कोर्टावर, डॅलसच्या मालकाला खेटून बसलेला, आणि अंगात लेकर्सची पिवळी ७७ नंबरची जर्सी. ती बराच वेळ फोटो बघत राहिली. मग चेंडू घेऊन कोर्टावर गेली आणि स्टेप-बॅक मारायला लागली. तिच्या अंगात अजून ती निळीच जर्सी होती.