संजीवनी माची, ठोकळ्यांची

[दृश्य : संध्याकाळ. डोंगराच्या सोंडेवरून वळत गेलेला दुहेरी तट. पाऊस भुरभुरतो आहे. कॅमेरा तटाच्या कडेने सावकाश पुढे जातो.]

ही राजगडाची संजीवनी माची. खऱ्या गडावर ती सुमारे अडीच किलोमीटर लांब आहे. तिची चिलखती तटबंदी, म्हणजे एका तटाला लगटून उभा असलेला दुसरा तट, पाहायला लोक लांबलांबून चढून येतात. २०२५ च्या जुलैत युनेस्कोने मराठ्यांच्या १२ किल्ल्यांना जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली, त्यांत राजगड आहे.

तुम्ही आत्ता पाहता आहात ती माची मात्र एका फोनमध्ये आहे. सातवीत शिकणारा माझा भाचा आणि मी, आम्ही दोघांनी ती माइनक्राफ्ट या ठोकळ्यांच्या गेममध्ये उभी केली. दिवाळीत अंगणात मातीचा किल्ला करताना जी ओढ असते, त्याच ओढीने. मातीच्या किल्ल्यावरचा मावळा जिथे ठेवू तिथे राहतो. इथला मावळा चालतो, शत्रूवर धावून जातो. पण त्याने कसे चालायचे, कोणाला शत्रू मानायचे, हे आपण लिहून द्यावे लागते. या फिल्मचा विषय ते लिहिणे हाच आहे.

[दृश्य : गेमचा सुरुवातीचा पडदा. नवीन वर्ल्ड तयार होते आहे.]

थोडी मागची गोष्ट. स्वीडनच्या मार्कस पेर्सन याने १७ मे २००९ रोजी माइनक्राफ्टची पहिली कच्ची आवृत्ती लोकांसाठी खुली केली. ती जावा या भाषेत लिहिलेली होती आणि कॉम्प्युटरवर चालायची. कमांड ब्लॉक, म्हणजे ज्याच्या पोटात हुकूम लिहून ठेवता येतो असा ठोकळा, तिच्यात २०१२ साली आला. २०१४ मध्ये मायक्रोसॉफ्टने माइनक्राफ्ट बनवणारी मोजांग ही कंपनी अडीच अब्ज डॉलरला घेतली. फोनवरच्या आवृत्तीत स्लॅशने सुरू होणाऱ्या कमांड, म्हणजे लिहून द्यायचे हुकूम, आणि ॲड-ऑन, म्हणजे गेममध्ये नवीन गोष्टी आणणाऱ्या जोडफायली, २०१६ पासून मिळू लागल्या. तिला आज बेडरॉक म्हणतात. मी जे सांगते आहे ते या बेडरॉकबद्दल. जावा आवृत्तीत काही गोष्टी वेगळ्या आहेत.

पडद्यावर कमांड रोमन अक्षरांत दिसतील. मी त्या वाचून दाखवीन.

कमांड वापरायच्या तर वर्ल्डच्या सेटिंगमध्ये चीट्स चालू करावे लागतात. एकदा ते चालू झाले की त्या वर्ल्डमध्ये अचिव्हमेंट, म्हणजे गेममधली बक्षिसे, मिळणे कायमचे बंद होते. नंतर चीट्स बंद केले तरी ते परत येत नाही. म्हणून आधी वर्ल्डची कॉपी करून घ्या आणि प्रयोग कॉपीवर करा. ही कॉपी पुढे आमच्या फार कामी आली.

[दृश्य : सपाट कडा. एका क्षणात लांबलचक दगडी भिंत उभी राहते.]

ही फिल कमांड. दोन कोपरे सांगायचे आणि कोणता ब्लॉक भरायचा ते सांगायचे. प्रत्येक जागेला तीन आकडे असतात : एक्स पूर्वेकडे वाढतो, झेड दक्षिणेकडे, वाय वर. आकड्याऐवजी टिल्डची नागमोडी रेघ दिली तर अर्थ होतो ‘मी उभा आहे तिथून’. शेवटी ‘हॉलो’ लिहिले तर चारी बाजूंनी भिंती उभ्या राहतात आणि आतली जागा मोकळी राहते. देवडीची खोली अशी दोन सेकंदांत होते.

एका फिलमध्ये जास्तीत जास्त ३२,७६८ ब्लॉक भरता येतात, म्हणजे ३२ गुणिले ३२ गुणिले ३२. माइनक्राफ्टचा एक ब्लॉक एक मीटरचा. आमचा तट अडीच हजार ब्लॉक लांब, सहा उंच, दोन जाड : एकूण ३०,०००. भाच्याने वहीवर हिशेब मांडला आणि एकाच कमांडमध्ये तट बसतो म्हणून उड्या मारल्या. पण माची सरळ नाही, ती डोंगराच्या धारेबरोबर वळते. शिवाय गेम फक्त आपल्या आसपासचाच मुलूख जागा ठेवतो, आणि जो भाग जागा नाही तिथे फिल चालत नाही. त्यामुळे तट तुकड्यातुकड्याने बांधला. थोडे चालायचे, वळण बघायचे, पुढचा तुकडा. गडाचा नकाशा भाच्याला त्यातच पाठ झाला.

डोंगर मात्र पुरता मावला नाही. राजगड समुद्रसपाटीपासून १३०० मीटरहून उंच आहे आणि माइनक्राफ्टचे जग तळापासून माथ्यापर्यंत ३८४ ब्लॉकांचे. आम्ही डोंगर खालून कापला. माची आणि तिच्या लगतचे कडे तेवढे ठेवले.

बुरुजांना वेगळी युक्ती. एक बुरूज हाताने, मन लावून बांधला, स्ट्रक्चर सेव्हने नाव देऊन ठेवून दिला, आणि मग स्ट्रक्चर लोडने हवा तिथे, लागेल तसा काटकोनात फिरवून आणला. हाताचे काम आणि कमांडचे काम यांची अशी वाटणी मला सर्वांत जास्त आवडली. घडण माणसाची, पुनरावृत्ती यंत्राची.

[दृश्य : तटावर रांगेने चिलखत घातलेले पुतळे. आवारात कोंबड्याच कोंबड्या.]

सुरुवातीला आमचे मावळे म्हणजे आर्मर स्टँड होते, चिलखत अडकवायचे लाकडी पुतळे. त्यांची रांग लावायला भाच्याला दोन दिवस लागले. त्याच दोन दिवसांत गडावर कोंबड्या इतक्या वाढल्या की फोन अडखळू लागला. त्याने लिहिले, ‘किल @ई’.

@ नंतरचे अक्षर ‘कोणाला’ ते सांगते. @पी म्हणजे सर्वांत जवळचा खेळाडू, @ए म्हणजे सगळे खेळाडू, @एस म्हणजे ज्याच्याकडून कमांड चालते तो स्वतः. आणि @ई म्हणजे ब्लॉक सोडून सगळे : कोंबड्या, गावकरी, जमिनीवर पडलेल्या वस्तू, आर्मर स्टँड. क्षणात गड रिकामा झाला. तो माझ्याकडे फोन घेऊन आला तेव्हा त्याच्या तोंडून शब्द फुटत नव्हता. आदल्या रात्रीची कॉपी होती म्हणून निभावले. @ई पुढे चौकटी कंसात ‘टाइप बरोबर चिकन’ लिहिले असते तर फक्त कोंबड्या गेल्या असत्या. तेव्हापासून आमचा रिवाज असा की किल लिहायच्या आधी तोच कंस टेस्टफॉर कमांडला देऊन बघायचा. कोण कोण सापडले याची यादी ती नुसती दाखवते.

[दृश्य : शेवाळलेल्या दगडांची वाट. त्यावर पाय पडताच खेळाडूची चाल मंदावते.]

आता माझी सर्वांत लाडकी कमांड, एक्झिक्यूट. पुष्कळ मुले तिला घाबरतात. फोनवरच्या आवृत्तीत तिची रचना २०२२ च्या अखेरीस बदलली, आणि तेव्हापासून ती मराठी माणसाला सोपी वाटावी अशी झाली आहे असे माझे ठाम मत आहे.

पडद्यावरची ओळ बघा. ‘एक्झिक्यूट ॲज @ए’ : प्रत्येक खेळाडूच्या वतीने. ‘ॲट @एस’ : तो उभा आहे त्या जागी. ‘इफ ब्लॉक’ आणि पुढे पायाखालची जागा : तिथे शेवाळलेला दगड असेल तर. ‘रन’ : आणि आता काय करायचे ते. दोन सेकंद चाल मंद.

ही ओळ मराठीत म्हणा. ‘ज्या खेळाडूच्या पायाखाली शेवाळलेला दगड असेल, त्याची चाल दोन सेकंद मंदावू दे.’ आधी कोण, मग कुठे, मग अट, आणि क्रियापद अगदी शेवटी. आपण लहानपणापासून असेच बोलतो : ज्याने दार उघडे ठेवले, त्याने ते लावावे. भाच्याला मी सांगितले, आधी ‘जो’ आणि ‘तो’ घालून मराठी वाक्य लिही, मग त्याची कमांड कर. त्यानंतर त्याला माझी मदत लागली नाही.

हे वाक्य रिपीट प्रकारच्या, जांभळ्या कमांड ब्लॉकमध्ये ठेवले. माइनक्राफ्टचे जग सेकंदाला २० टिक, म्हणजे ठोके, चालते, आणि हा ब्लॉक प्रत्येक टिकला आपले वाक्य पुन्हा म्हणतो. पावसाळ्यात राजगडाच्या वाटेवर पाऊल जसे जपून टाकावे लागते, तसे आता आमच्या गडावरही टाकावे लागते.

[दृश्य : आळू दरवाजा. सूर्य कलतो. दरवाजा बंद होतो.]

संजीवनी माचीचा हा आळू दरवाजा. खरा बराच ढासळला आहे. आमच्या गडावर तो धड आहे आणि दिवस मावळला की बंद होतो. उजेड ओळखणारा डेलाइट डिटेक्टर उलटा करून ठेवला की तो अंधारात सिग्नल देतो. रेडस्टोनच्या, म्हणजे गेममध्ये तारेचे काम करणाऱ्या भुकटीच्या, रेषेने तो नारिंगी कमांड ब्लॉकला जोडला, आणि ब्लॉकमध्ये फिल : कमानीत लाकडी फळ्या भर. सकाळसाठी दुसरा डिटेक्टर, दुसरा ब्लॉक : फळ्यांच्या जागी हवा.

पहिल्याच पावसात दरवाजा भर दुपारी लागला. ढगांनी आभाळ काळवंडले की डिटेक्टरलाही उजेड कमी दिसतो. पाऊसच बंद करून टाकणारी कमांड आहे, पण भाचा म्हणाला, ‘मावशी, राजगडावर पाऊस नाही असं कसं चालेल?’ मला त्याचे पटले. उत्तर रेडस्टोनमध्येच होते. त्याचा सिग्नल दर ब्लॉकमागे एका पायरीने क्षीण होतो. पावसाळी दुपारचा सिग्नल कमजोर, रात्रीचा जोरकस. मधली रेषा लांबवली, तशी दुपारचा सिग्नल वाटेतच विझू लागला आणि रात्रीचा तेवढा पोहोचू लागला. सकाळच्या बाजूलाही तीच युक्ती चालली.

[दृश्य : फोनवर फोल्डर, त्यात फायली. मजकूर वरखाली सरकतो.]

कमांड गेममध्ये जे आहे त्यालाच हलवते. गेममध्ये जे नाहीच, ते आणायला ॲड-ऑन लागतो. कमांड क्रियापद, ॲड-ऑन नाम.

ॲड-ऑनमध्ये बहुधा दोन पॅक असतात. बिहेविअर पॅक सांगतो तो प्राणी काय करतो. रिसोर्स पॅक सांगतो तो दिसतो कसा, त्याचा आवाज कसा. दोन्हींत मॅनिफेस्ट नावाची एक फाइल असते, पॅकचे जणू आधार कार्ड. तिच्यात प्रत्येक पॅकला ३२ अक्षर-अंकांची स्वतःची ओळख द्यावी लागते. ती दुसऱ्या पॅकवरून उचलली तर गेम गोंधळतो. इंटरनेटवरून मिळणारी एमसीॲडऑन फाइल ही आतून साधी झिप असते. ती उघडून आत बघायची सवय लावून घ्या. दुसऱ्याने नीट लिहिलेला ॲड-ऑन वाचण्यासारखी शिकवणी नाही.

मावळ्याचे रूप आम्ही ब्लॉकबेंच या मोफत प्रोग्राममध्ये घडवले. पगडी, अंगरखा, पाठीवर ढाल. पहिल्यांदा बोलावला तेव्हा मावळा आला, पण तटावर नुसती त्याची सावली दिसे. रिसोर्स पॅकच्या फाइलीत एक स्वल्पविराम राहिला होता. जेसॉन पद्धतीच्या या फायली एवढ्याशा चुकीलाही क्षमा करत नाहीत. सेटिंगच्या क्रिएटर भागात कंटेंट लॉग चालू केला की चूक कोणत्या फाइलीत आहे ते पडद्यावर येते. हे आम्हाला फार उशिरा कळले, तुम्ही पहिल्याच दिवशी करा.

मग स्वभाव. ताकद २०, म्हणजे दहा बदाम, खेळाडूइतकीच. त्याखाली वागणुकी : पोहणे, शत्रूवर हल्ला, इकडेतिकडे फिरणे, जवळच्या खेळाडूकडे बघणे. प्रत्येकीला प्राधान्याचा आकडा असतो, आणि जितका लहान आकडा तितके ते काम आधी. आम्ही मोठा आकडा म्हणजे मोठा मान असे समजलो. फिरण्याला १ दिला, हल्ल्याला ५. झाँबीशी लढता लढता आमचा मावळा मध्येच फेरफटक्याला निघून जायचा. आकडे बदलले, तसा तो जागचा हलेना.

[दृश्य : वस्तूंच्या यादीत अंड्याचे चित्र. त्याखाली अक्षरे : मावळा.]

टेक्स्ट फोल्डरातल्या एका फाइलीत डावीकडे वस्तूची ओळख आणि उजवीकडे तिचे नाव असते. उजवीकडे भाच्याने देवनागरीत लिहिले. ज्या गेममध्ये त्याने आजवर फक्त इंग्रजी नावे वाचली होती, त्यात हा शब्द दिसला तेव्हा तो बराच वेळ यादी तशीच उघडी ठेवून बसला होता. मीही.

[दृश्य : डेन्मार्कचा नकाशा, ठोकळ्यांत.]

नियम लिहिणे किती अवघड असते याचे एक मोठे उदाहरण. २०१४ मध्ये डेन्मार्कच्या सरकारी भू-माहिती खात्याने आपल्या नोंदींवरून अख्खा देश माइनक्राफ्टमध्ये एकास एक मापाने उभा केला आणि लोकांना खुला केला. नासधूस होऊ नये म्हणून सुरुंग बंद ठेवला होता. पण सुरुंग भरलेली खाणगाडी ही गेममध्ये वेगळी वस्तू आहे, आणि ती बंद करायची राहिली. काही जणांनी नेमकी तीच वापरून घरे उडवली. अटीत जे नाव घेतले नाही, ते मोकळे राहते.

आमच्याही गडावर तसेच झाले. दरवाजा वेळेवर लागला, पण एक मावळा बाहेरच राहिला. रात्रभर तो कमानीशी उभा. भाच्याने वहीत वाक्य लिहिले : ‘दाराबाहेरच्या मोकळ्या जागेत जो मावळा असेल, त्याला देवडीत आण, मग दार लाव.’ बाहेरच्या जागेचा एक कोपरा आणि तिची लांबी, उंची, रुंदी त्याने कंसात दिली. हा हुकूम नारिंगी ब्लॉकमध्ये घातला, आणि दार लावायचा हुकूम तिथून काढून त्याला पुढे जोडलेल्या हिरव्या चेन ब्लॉकमध्ये. चेन ब्लॉकची पाळी त्याच्या आधीच्या ब्लॉकनंतरच येते.

[दृश्य : संध्याकाळ. पाऊस. कमानीबाहेर तीन मावळे. ते दिसेनासे होतात, देवडीत दिसू लागतात. मागे फळ्या लागतात.]