लेबलाच्या कडेचा नंबर

(पडदा काळा. सुई तबकडीला टेकते. खरखर.)

गाणं अजून सुरू झालेलं नाही. ही नुसती खरखर आहे.

(पुण्याचा जुना बाजार. जळक्या मोटारी, पितळी नळ, कुलपं, फोटो फ्रेमा.)

रविवारची सकाळ. ही तबकडी इथेच मिळाली, पंख्याच्या पात्यांखाली दबलेली. विकणाऱ्याने आधी ती उलटीसुलटी करून पाहिली, "इंग्लिश आहे, कोण घेतं?" म्हणाला आणि शंभर रुपयांत देऊन टाकली. लेबलावर कंपनीचं नाव 'द ट्विन'. खाली गायकाचं नाव, जिमी रॉजर्स. मूळचा मिसिसिपीचा, रेल्वेत ब्रेकमन म्हणून, म्हणजे गाडीचे ब्रेक सांभाळत राबलेला. पहिलं ध्वनिमुद्रण 1927 चं आणि 1933 मध्ये क्षयाने गेला. अमेरिकेच्या कंट्री संगीतातला हा पहिला मोठा तारा. त्याची गाणी ग्रामोफोन कंपनीच्या 'ट्विन' छापाखाली आपल्याकडेही विकली जात होती. घेत कोण असेल? गोरे शिपाई, रेल्वे कॉलनीतले अँग्लो-इंडियन, आपण अंदाजच बांधायचा.

(तबकडीच्या कडेचा टवका. खूप जवळून.)

हा टवका बघा. आत काळपट, दगडासारखा माल दिसतो. दगडाची पूड, काजळी आणि त्यांना धरून ठेवणारी लाख. पळस, बोर, कुसुम यांच्या फांद्यांवरचा किडा जी लाख करतो, तीच. त्या काळी जगाला लागणारी बहुतेक लाख भारतातून जायची. दुसऱ्या महायुद्धात हा पुरवठा आटला तेव्हा अमेरिकेत नव्या तबकड्यांसाठी जुन्या तबकड्या मागून घेऊन दळल्या गेल्या. म्हणजे किती गाणी दळली गेली त्याचा हिशेब कोण ठेवणार?

एका माणसाने उरलेल्यांचा ठेवला.

(सिडनीचं बंदर. फेरीबोट. पाण्यावरचं ऊन.)

जॉन एडवर्ड्स. जन्म 1932, देश ऑस्ट्रेलिया. पोरवयातच त्याला या गाण्यांचं वेड लागलं. अमेरिकेच्या दक्षिणेतले डोंगर, फिडल, बँजो, कार्टर कुटुंबाची गाणी. यातलं काहीही त्याने प्रत्यक्ष पाहिलं नव्हतं आणि पुढेही पाहिलं नाही. अमेरिकेत तो कधी गेलाच नाही. तिकडच्या संग्राहकांशी टपालाने अदलाबदल करायची, ही त्याची रीत. लाखेची तबकडी बोटीने मागवायची म्हणजे काय, हे ज्याच्या हातून एखादी फुटली आहे त्यालाच कळेल.

(टेबल. दिवा. भिंग. वही.)

आता हात बघा. हे हात त्याचे नाहीत, आमचेच आहेत, पण काम तेच आहे.

तबकडी दिव्याखाली तिरकी धरायची. बोटं फक्त कडेला. गाण्याच्या खाचा संपतात आणि लेबल सुरू होतं, त्यांच्या मधे एक गुळगुळीत पट्टी असते. उजेड बरोबर कोनातून पडला की तिथे बारीक आकडे उठून दिसतात. हा मॅट्रिक्स नंबर. लेबलावरचा नंबर दुकानदारासाठी असतो. कंपनी बदलली, देश बदलला की तोही बदलतो. मॅट्रिक्स नंबर मात्र त्या ध्वनिमुद्रणाचा. त्याच्या शेजारी छोटा आकडा असला तर तो त्या गाण्याचा कितवा प्रयत्न होता ते सांगतो.

एक उदाहरण. 1927 चा उन्हाळा, ब्रिस्टल गाव. गावाच्या मुख्य रस्त्याच्या मधोमध दोन राज्यांची हद्द, एका बाजूला टेनेसी, दुसरीकडे व्हर्जिनिया. राल्फ पीअर नावाचा माणूस व्हिक्टर या तबकड्यांच्या कंपनीची ध्वनिमुद्रणाची यंत्रं घेऊन तिथल्या एका टोप्यांच्या कंपनीच्या जुन्या इमारतीत उतरला. 1 ऑगस्टला कार्टर मंडळी गायली, नंबर 39750. 4 तारखेला जिमी रॉजर्स, नंबर 39767. मधे तीन दिवस आणि सतरा आकडे. त्या सतरा आकड्यांत कोण कोण येऊन गायलं, कोणाला पुन्हा बोलावलं नाही, हे शोधायला सुरुवात करायची ती इथून.

आणि नावांवर विसंबायचं नाही. व्हर्नन डालहार्ट हा एकटा गायक शंभराहून जास्त टोपणनावांनी विकला गेला. तुमच्या कपाटात पाच गायक दिसतात आणि पाचही तोच! हे सांगणार कोण? आवाज थोडंफार सांगतो. उरलेलं हा नंबर.

(वहीचं पान. रकाने. एक खोडलेला आकडा.)

एडवर्ड्स असे रकाने भरत गेला आणि लिहीत गेला. न्यूझीलंडमधून गार्थ गिब्सन 'कंट्री अँड वेस्टर्न स्पॉटलाइट' हे लहानसं नियतकालिक काढायचे, त्यात त्याचं लेखन सातत्याने येई. ज्यांना त्यांच्या देशातली विद्यापीठं विचारत नव्हती, त्या गायकांबद्दल. बाजारात विकलं जातं ते लोकसंगीत कसलं, असा तेव्हाच्या बऱ्याच विद्वानांचा खाक्या होता. (आपल्याकडे हा खाक्या संपलाय असं कोणी समजू नये.) एडवर्ड्स त्या म्हाताऱ्या गायकांचे पत्ते मिळवून थेट पत्रंच लिहायचा. साथीला कोण होतं? कुठे मुद्रण झालं?

(रस्ता. रात्र.)

24 डिसेंबर 1960, मोटार अपघात. वय अठ्ठावीस.

(चॅपल हिल. विल्सन ग्रंथालयाचे खांब, घुमट.)

मृत्युपत्रात त्याने लिहून ठेवलं होतं, संग्रह या संगीताच्या अभ्यासासाठी वापरावा. अमेरिकेतला मित्र युजीन अर्ल याने तो तिकडे नेला. 1962 मध्ये त्याच्या नावाने संस्था निघाली. आर्ची ग्रीन, डी. के. विल्गस, एड काहन ही लोकसंगीताची अभ्यासक मंडळी त्यात होती. संग्रह आधी लॉस एंजेलिसच्या विद्यापीठात होता, 1983 मध्ये इथे, चॅपल हिलच्या नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठात आला. आज तो तिथल्या दक्षिणी लोकजीवन संग्रहाचा पाया आहे.

(पुन्हा टेबल. 'ट्विन'ची तबकडी.)

आमच्याकडे नाट्यसंगीताच्या तबकड्या माळ्यावर आहेत, भंगारात आहेत, काहींची तर भिंतीवरची घड्याळं झालीत. ज्यांच्याकडे आहेत त्यांना एवढंच सांगणं: विकायची तर विका, पण आधी नंबर उतरवून घ्या. भिंग नसेल तर मोबाइलचा टॉर्च पुरतो.

(टॉर्चचा उजेड पट्टीवरून सरकतो, थांबतो.)

आमच्या जिमीचा नंबर अजून पूर्ण लागलेला नाही. शेवटून दुसरा आकडा घासला गेलाय. एकाला तो 3 दिसतो, एकाला 8. वहीत दोन्ही लिहून ठेवलेत, पेन्सिलीने.

(सुई खाचेत. गिटार सुरू होते.)