आयोजकांचा किलोमीटर

मित्रहो, ताशी ५० किलोमीटरने चाललेली गाडी एका सेकंदात जवळजवळ १४ मीटर पुढे जाते. आज आपण जे काही बोलणार आहोत, त्यात हा आकडा पुन्हा पुन्हा कामाला येईल. टाइम-स्पीड-डिस्टन्स, म्हणजे टीएसडी प्रकारच्या रॅलीत सर्वांत वेगवान गाडी जिंकत नाही. आयोजक रोडबुक, म्हणजे मार्गावरच्या खुणा आणि त्यांची अंतरं लिहिलेली पुस्तिका, देतात, रस्त्याच्या प्रत्येक तुकड्यासाठी सरासरी वेग ठरवून देतात आणि वाटेत कुठेतरी, आधी न सांगता, टाइम कंट्रोल, म्हणजे गाडी पोहोचल्याची वेळ नोंदणारी चौकी, लावून बसतात. उशिरा पोहोचलात तर दंड, लवकर पोहोचलात तरी दंड. बऱ्याच नियमावल्यांमध्ये लवकर येण्याचा दंड जास्तच असतो.

समजा, तुमचं ट्रिपमीटर, म्हणजे गाडीने कापलेलं अंतर मोजणारं यंत्र, एक टक्क्याने चुकतंय. ऐकायला किरकोळ वाटतं. ३० किलोमीटरनंतर ही चूक ३०० मीटरची होते आणि ५० च्या सरासरीला ३०० मीटर म्हणजे साडेएकवीस सेकंद. ड्रायव्हरने एकही वळण चुकवलेलं नाही, नेव्हिगेटरने रोडबुक बिनचूक वाचलंय, रॅली कॉम्प्युटर ‘शून्य’, म्हणजे ना उशीर ना घाई, दाखवतोय, आणि तरीही तुम्ही साडेएकवीस सेकंदांनी चुकीच्या जागी आहात.

आता गाडीच्या डॅशबोर्डवरचा काटा या कामाचा का नाही, ते सांगून टाकतो. संयुक्त राष्ट्रांच्या नियम क्रमांक ३९ प्रमाणे स्पीडोमीटरने खऱ्या वेगापेक्षा कमी कधीच दाखवायचं नाही, जास्त मात्र दाखवता येतं: खऱ्या वेगाच्या दहा टक्के आणि वर ताशी ४ किलोमीटरपर्यंत. म्हणजे खरा वेग ५० असताना काटा ५९ वर असला तरी तो नियमात बसतो. तो काटा सुरक्षिततेसाठी आहे, सरासरी राखण्यासाठी नाही.

रॅली कॉम्प्युटर मुळात दोनच गोष्टी करतो. चाकाकडून येणाऱ्या पल्स, म्हणजे विजेचे छोटे ठोके, मोजतो आणि घड्याळ बघतो. पुढचा सगळा गुणाकार-भागाकार आहे. इलेक्ट्रॉनिक कॉम्प्युटर यायच्या आधी हाच हिशेब माणसं हाताने करत. स्पीडोमीटरच्या केबलवर चालणारं हाल्डा कंपनीचं यांत्रिक ट्रिपमीटर अंतर दाखवायचं आणि नेव्हिगेटरच्या मुठीत कुर्टा असायचा. कुर्टा हे मुठीत मावणारं, हँडल फिरवून चालवायचं गणनयंत्र. त्याचा आराखडा कुर्ट हेर्झश्टार्क यांनी बुखेनवाल्डच्या छळछावणीत कैदेत असताना पूर्णत्वाला नेला. युद्धानंतर लिकटेनश्टाइनमध्ये त्याचं उत्पादन झालं आणि १९७० च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत ते चाललं. हादरणाऱ्या गाडीत, अंधारात, नुसत्या बोटांच्या स्पर्शाने चालवता येणारं ते यंत्र रॅलीवाल्यांनी उचललं नसतं तरच नवल. त्या नेव्हिगेटरांबद्दल मला मनापासून आदर आहे, कारण अचूकता कुठून येते हे त्यांना पक्कं माहीत होतं. यंत्र त्यांना फक्त गुणाकार करून देत होतं.

तर, पल्स. चाकाजवळ एक प्रोब, म्हणजे सेन्सर, बसवतात. चाकाबरोबर फिरणारे बोल्ट किंवा चिकटवलेली लोहचुंबकं त्याच्यासमोरून गेली, की एक एक पल्स निघते. चाकाचा घेर १.९ मीटर धरा आणि फेरीला चार पल्स. म्हणजे किलोमीटरला साधारण २१०० पल्स, अर्ध्या मीटरला एक. बारकाईची इथे काही अडचण नाही. प्रश्न एवढाच, की २१०० हा आकडा नेमका किती धरायचा?

यालाच कॅलिब्रेशन म्हणतात, आणि माझं आजचं सांगणं इथेच आहे. आपल्याला खरा किलोमीटर मोजायचा नाही, आयोजकांचा मोजायचा आहे. आयोजकांनी त्यांच्या गाडीने, त्यांच्या टायरवर, त्यांच्या यंत्राने मार्ग मोजला आणि रोडबुक छापलं. त्यांचा किलोमीटर ९९४ मीटरचा असेल, तर त्या रॅलीपुरता किलोमीटर ९९४ मीटरचाच. प्रयोगशाळेतल्या अचूकतेने मोजणारा स्पर्धक तिथे दर किलोमीटरला सहा मीटरने चुकत जाणार. म्हणून आयोजक सुरुवातीला कॅलिब्रेशनसाठी एक मोजलेला तुकडा देतात. काही जण तो तुकडा गप्पा मारत पार करतात, त्याचं मला खरोखर वाईट वाटतं. दिवसभराच्या निकालाचा मोठा भाग तिथेच ठरत असतो.

हिशेब सोपा आहे. आयोजकांचं अंतर १२.४० किलोमीटर, आपल्या यंत्रात १२.३१ आलं आणि यंत्रात किलोमीटरला २१०५ पल्स भरलेल्या आहेत. आपण कमी मोजलं, म्हणजे एका पल्सला जास्त अंतर द्यायला हवं, म्हणजे किलोमीटरमागच्या पल्स कमी व्हायला हव्यात. २१०५ गुणिले १२.३१ भागिले १२.४०: उत्तर २०९०. काही यंत्रांत मात्र पल्सची संख्या भरत नाहीत, एका पल्सचं अंतर भरतात. तिथे हाच अपूर्णांक उलटा होतो. आपलं यंत्र कोणत्या जातीचं, हे घरीच बघून ठेवा. घाईत अपूर्णांक उलटा झाला तर चूक सुटण्याऐवजी दुप्पट होते.

कॅलिब्रेशनचा तुकडा लांब हवा. खुणेच्या दगडासमोर गाडी थांबवताना नजरेने पाच मीटरचा फरक सहज पडतो. एक किलोमीटरच्या तुकड्यावर तो अर्धा टक्का झाला, दहा किलोमीटरवर एका टक्क्याचा विसावा हिस्सा. तुकडा पार करताना गाडीत तेवढंच वजन हवं जेवढं स्पर्धेत असेल, आणि टायर चालून गरम झालेले हवेत. टायरच्या आतली हवा दहा अंशांनी तापली की दाब साधारण ०.१ बारने वाढतो आणि घेर किंचित बदलतो. बदल थोडा असतो, पण तो फुकट टाळता येतो, मग का टाळू नये? टायरच्या झिजेचा फरक मात्र मोठा. नव्या टायरची ८ मिलिमीटरची नक्षी घासून १.६ वर आली, तर ३०० मिलिमीटरच्या त्रिज्येत दोन टक्क्यांच्या आसपास फरक पडतो. गेल्या रॅलीचा आकडा या रॅलीत वापरू नका, एवढाच त्याचा अर्थ.

प्रोब कोणत्या चाकावर लावायचा? इंजिनची ताकद ज्या चाकांना जात नाही, त्यांतल्या एकावर. खडीवर किंवा चिखलात ताकद मिळणारं चाक जागच्या जागी फिरतं आणि गाडी न हलता अंतर वाढतं. चारही चाकांना ताकद असेल, तर ड्रायव्हरने पाय हलका ठेवणं हाच उपाय. वळणांबद्दल नेहमी विचारलं जातं. एका बाजूच्या चाकावर प्रोब असेल तर वळणाच्या बाहेरचं चाक जास्त चालतं, आतलं कमी. दोन चाकांमध्ये दीड मीटर अंतर धरलं, तर पूर्ण एक चक्कर फिरल्यावर गाडीच्या मध्यरेषेपेक्षा ४.७ मीटरचा फरक पडतो. घाटात डावी-उजवी वळणं एकमेकांना फेडतात. एकाच दिशेला पाच-सहा चकरा झाल्या, की दोन सेकंदांची चूक साचते.

‘जीपीएस असताना चाकाची भानगड कशाला?’ प्रश्न रास्त आहे. जीपीएसला टायरची झीज, चाकाचं घसरणं यांचं काही देणंघेणं नाही, हा मोठा फायदा. पण दाट झाडीत, उंच कड्याखाली सिग्नल डळमळतो, बोगद्यात जातो. गाडी उभी असतानाही ठिकाण इकडेतिकडे हलत राहतं. नुसती ठिकाणं जोडून अंतर काढणारं यंत्र हे हलणंही अंतरात धरतं. उलट नागमोडी रस्त्यावर दोन नोंदींमधलं वळण सरळ रेषेने कापलं जातं. आणि चढ: दहा टक्के चढावर एक किलोमीटरच्या आडव्या अंतरासाठी चाक पाच मीटर जास्त चालतं. फक्त नकाशावरचं अंतर धरणाऱ्या यंत्राला ते पाच मीटर दिसतच नाहीत. म्हणून माझं मत: आयोजकांनी ज्या पद्धतीने मोजलंय ती पद्धत आपली मुख्य, दुसरी पडताळ्याला.

वेळेचं गणित यापेक्षा सोपं, तरी दोन जागा सांभाळायच्या. पहिली, घड्याळ आयोजकांच्या घड्याळाशी मिळवणं. इथेही जगाची वेळ कामाची नाही, टेबलावरच्या त्या घड्याळाची वेळ कामाची. सेकंद बदलताना बघून बटण दाबलं तर प्रतिक्रियेला सेकंदाचा पाचवा हिस्सा जातो. तीन-दोन-एक असं लयीत मोजत शून्यावर दाबलं तर चूक बरीच कमी होते. दुसरी जागा उष्णतेची. साध्या क्वार्ट्झ घड्याळाचा स्फटिक २५ अंशांच्या आसपास बरोबर चालतो आणि त्याच्या वर किंवा खाली गेलं की मागे पडतो. उन्हात ६० अंशांपर्यंत तापलेल्या डॅशबोर्डवर ठेवलं तर ते चोवीस तासांना तीन-चार सेकंद या दराने मागे पडू शकतं. जीपीएसची वेळ उष्णतेने बदलत नाही, पण तिचं मूळ घड्याळ २०१७ पासून यूटीसीच्या, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेच्या, १८ सेकंद पुढे आहे. हा फरक उपग्रह कळवतात, मात्र त्यांचा पूर्ण संदेश यायला साडेबारा मिनिटं लागतात. बऱ्याच दिवसांनी चालू केलेल्या रिसीव्हरने दाखवलेल्या पहिल्या वेळेवर घड्याळ लावू नका.

सरासरी वेग बदलतो ती जागाही तितकीच नाजूक. ३.२० किलोमीटरपर्यंत ४० ची सरासरी, म्हणजे किलोमीटरला ९० सेकंद, एकूण २८८. पुढे ३६ ची, म्हणजे किलोमीटरला १००. ७.७० किलोमीटरवर तुम्ही १२ मिनिटं १८ सेकंदांनी असायला हवं. बदलाचं बटण १०० मीटर उशिरा दाबलं, तर ते १०० मीटर दहाऐवजी नऊ सेकंदांत मोजले जातात, आणि तो एक सेकंद त्या तुकड्याच्या शेवटपर्यंत तुमच्याबरोबर राहतो.

आता सर्वांत अवघड भाग. वाटेत रोडबुकमधली एखादी खूण येते, पूल किंवा तिठा, आणि यंत्रातलं अंतर जुळत नाही. काय दुरुस्त करायचं? एका खुणेवरून ठरवू नका. रोडबुकमध्ये ४.१०, ९.८०, १६.३५ आहे आणि तुमच्याकडे ४.११, ९.८२, १६.३९ येतंय, तर फरक अंतराबरोबर वाढत चाललाय. कॅलिब्रेशनचा आकडा बदला. तुमच्याकडे ४.१०, ९.८६, १६.४१ येत असेल, तर पहिल्या दोन खुणांच्या मध्ये कुठेतरी एकदाच ६० मीटर जास्त मोजले गेले, पुढे सगळं ठीक आहे. कुठे चाक घसरलं असेल, कुणाला वाट देताना गाडी मागे-पुढे घेतली असेल. अशा वेळी कॅलिब्रेशनला हात लावला तर चांगला आकडा बिघडतो. फक्त ट्रिपमधून ६० मीटर कमी करा. आणि मधल्या एकाच खुणेवर फरक दिसून पुढच्या खुणेवर सगळं जुळलं, तर ती नोंद छापताना चुकली असणार. तिच्यासाठी काहीच बदलायचं नाही. यासाठी नेव्हिगेटरने प्रत्येक खुणेशेजारी आपलं वाचन पेन्सिलने लिहीत जावं, जुळलं तरी लिहावं, कारण कोणत्या प्रकारची चूक आहे हे तीन वाचनं शेजारी-शेजारी असल्याशिवाय कळत नाही.