समई जमिनीवर असते

नमस्कार श्रोतेहो.

उद्या खंडेनवमी. आत्ता तुम्ही हे ऐकताय तेव्हा गावोगावच्या गॅरेजमध्ये, प्रेसमध्ये, एमआयडीसीतल्या शेडमध्ये साफसफाई चालली असेल. लेथ पुसला जातोय, पाने-पकडी रांगेत मांडल्यात, झेंडूचं पोतं दारात येऊन पडलंय. आणि एखाद्या कोपऱ्यात कुणीतरी पत्र्याच्या डब्यातून कॉटन वेस्टवर, म्हणजे पुसायच्या सुताच्या गुंत्यावर, थिनर ओततंय. डाग निघत नाही ना, मग मार थोडं थिनर. मला आज त्या ‘थोडं थिनर’बद्दल बोलायचंय.

थिनर म्हणजे काही एकच द्रव नव्हे. दुकानात मिळणाऱ्या थिनरमध्ये बरेचदा टोल्युइन असतं, जोडीला अ‍ॅसिटोन आणि आणखी दोन-चार मंडळी. आज टोल्युइनचंच घेऊ, कारण माझी गाठ त्याच्याशी पडली. दिसायला पाण्यासारखं, वासाला गोडसर, हाताला गार लागतं आणि बघता बघता उडून जातं. उडून जातं म्हणजे संपत नाही हो. वाफ होते. आणि ही वाफ हवेच्या तिपटीहून जड असते. वर जात नाही, खाली बसते. हे मी आज दोन-तीनदा म्हणणार आहे, कंटाळू नका. वाफ जड असते, खाली बसते.

आता गोष्ट सांगतो. सेफ्टीच्या नोकरीत जिथे जिथे भाषणाला उभा राहिलो, तिथे हीच सांगितली. बायको म्हणते, तुमची आता कॅसेट झाली आहे. असू दे.

साल 1986. कोल्हापूरच्या बाजूच्या एका एमआयडीसीत पंपाचे भाग करणारा छोटा कारखाना होता. नाव सांगत नाही. मी तिथे नवा इंजिनियर, वय चोवीस, आणि अक्कल वयाच्या मानानेही कमीच. खंडेनवमीच्या दिवशी सकाळी मालक म्हणाले, फरशी जरा बघा. फरशीवर वर्षभराचे हिरव्या एनॅमलचे ठिपके, कारण आम्ही पंपाची केसिंगं तिथेच रंगवायचो. दोन पोरं साबण-सोडा लावून घासत होती, निघत नव्हतं. मी मोठ्या रुबाबात म्हणालो, “अरे, थिनरने पुसा, चकाचक होईल.”

झाली की चकाचक. बॅरलमधून प्लास्टिकच्या बादलीत काढलं, पाचेक लिटर गेलं असेल. तोवर पलीकडच्या भिंतीशी, पंचवीस-तीस फुटांवर, पूजा मांडली जात होती. मालकांच्या आई आल्या होत्या. सगळे त्यांना आईच म्हणायचो. नऊवारी, हातात पितळी समई, घरून फडक्यात गुंडाळून आणलेली. रांगोळी त्यांनी स्वतः काढली. बाहेर वारा होता, रांगोळी उडायला लागली, म्हणून शटर खाली ओढलं. समई विझू नये म्हणून पंखेही बंद केले. पूजा म्हणून सगळ्यांनी चपला बाहेर काढल्या.

आमचे स्टोअरवाले काका जुना माणूस. ते माझ्यापाशी आले आणि हळूच म्हणाले, “साहेब, वास लई येतोय. शटर वाईच वर करूया का?” मी काय म्हणालो असेन? म्हणालो, “काका, समई विझेल.”

समई कुठे ठेवतात? जमिनीवर. वाफ कुठे बसते? जमिनीवर.

आईंनी पहिली वात लावली, दुसरी लावली. तिसऱ्या वातीला काडी नेली तोच रांगोळीच्या कडेवरून एक निळी रेघ निघाली. आवाज फार नाही, कुणी चादर झटकावी तेवढा. ती रेघ फरशीवरून धावत सुटली, लेथच्या खालून, ड्रिलिंग मशिनच्या पायातून, थेट त्या पोरांच्या बादलीकडे. पंचवीस-तीस फूट. मी “अरे” म्हणेपर्यंत पोचली होती. बादलीपाशी पिवळा जाळ झाला आणि त्यातून काळी काजळी उठली. टोल्युइन जळतं तेव्हा काजळी फार धरतं. ती काजळी पेढ्यांच्या ताटावर पडत होती, हे मला अजून दिसतं. पांढरे पेढे, त्यावर काळे धागे.

काकांनी आईंना दंडाला धरून मागे ओढलं आणि एका हाताने शटर उचललं. साठीचा माणूस, ते शटर एरवी दोघांना उचलायला लागायचं. तेवढ्यात कुणीतरी पाण्याची बादली आणून आगीवर ओतली. झालं! टोल्युइन पाण्यापेक्षा हलकं, पाण्यावर तरंगतं. पेटलेलं थिनर त्या पाण्यावर बसून आणखी दहा फूट पुढे गेलं, पार बेंचखाली. वाळूच्या लाल बादल्या होत्या भिंतीला, पण पूजेसाठी धुऊन, नवा रंग देऊन रिकाम्या टांगलेल्या. वाळू बाहेर ढिगात.

मी आग विझवायच्या लाल सिलेंडरकडे धावलो. त्यालाही पूजेसाठी माळ घातलेली. झेंडूची, सुतळीत ओवलेली, आणि ती सुतळी कुणीतरी हौसेने पिनच्या कडीतून काढून मागे गाठ मारलेली. पिन ओढतोय, निघत नाही. माळ ओढतोय, सुतळी तुटत नाही. शेवटी दातांनी तोडली. झेंडूचा तो कडू वास आणि ती सुतळी दातात… मिनिटसुद्धा गेलं नसेल, पण त्या मिनिटात बेंचखालचं कॉटन वेस्ट पेटलं होतं. मग पावडर मारली आणि विझलं. सगळं पांढरं, मशिनं, पेढे, रांगोळी. आणि समई? समई जागच्या जागी उभी होती, दोन वाती जळत होत्या.

आईंना काही झालं नाही. पोरांपैकी एकाचे दोन्ही पाय घोट्यापर्यंत भाजले. अनवाणी होता, पाय थिनरने ओले. दीड महिना दवाखान्यात काढला त्याने. मालकांनी विचारलं, थिनरने पुसायला कुणी सांगितलं? पोरं माझ्याकडे बघत होती आणि बोलत नव्हती. मी म्हणालो, मी सांगितलं.

बरं. आता थोडा हिशोब. एक लिटर टोल्युइनची पूर्ण वाफ झाली तर साधारण 230 लिटर होते. हवेत ही वाफ शेकडा सव्वा टक्क्याच्या आसपास पोचली की पेट घेते, वरची हद्द सात टक्क्यांच्या आसपास. म्हणजे एक लिटर थिनर आठ बाय दहाची एक खोली पेटण्याजोगी करू शकतं. आम्ही ओतलं पाच लिटर. त्यातही वाफ खोलीभर सारखी पसरत नाही, फरशीलगत साचते, केबलच्या खाचेत, मोरीत, खड्ड्यात. वर उभ्या माणसाला वास कमी येतो आणि घोट्याशी ती पुरेशी दाट असते. शिवाय नाक लबाड आहे, थोड्या वेळाने त्याला वास येईनासा होतो. डोकं जड झालं, गरगरलं, तर पहिले बाहेर मोकळ्या हवेत या, चहाबिहा नंतर.

दुसरं, किती गारठ्यात हे पेटायचं थांबतं? टोल्युइनला चार अंश सेल्सिअस पुरतं. महाबळेश्वरला वेण्णा लेकवर थंडीत दव गोठतं ना, तेवढी पहाट सोडली तर आपल्याकडे ते कायम तयारच. त्यात अ‍ॅसिटोन असेल तर तीही पहाट नाही, त्याला उणे वीसच्या आसपाससुद्धा चालतं. 23 अंशांच्या खाली वाफ पेटते असल्या मालाला पेट्रोलियमच्या कायद्यात अ वर्गात टाकलंय, पेट्रोलच्या पंक्तीला. आणि या सगळ्यावर लक्ष ठेवणाऱ्या केंद्र सरकारच्या खात्याचं मुख्य कार्यालय आपल्या नागपुरात आहे, पेसो म्हणतात त्याला. नागपूर म्हटलं की लोकांना फक्त संत्री आठवतात.

तिसरं, ज्योत नसली तरी ठिणगी असते. केसांतून कंगवा फिरवून कागदाचे कपटे उचलायचो ना शाळेत, तीच वीज. टोल्युइन नळीतून वाहिलं, प्लास्टिकच्या बादलीत आपटलं की वीज साठते आणि तिला जायला वाट मिळत नाही. म्हणून धातूचा डबा घ्यायचा, बॅरल आणि डबा तारेने एकमेकांना जोडायचे, क्लिप घट्ट लावायची आणि बॅरलला अर्थिंग द्यायचं. बारीक धारेने ओतायचं. प्लास्टिकची बादली नको. पुन्हा सांगतो, प्लास्टिकची बादली नको. शेडमध्ये वास असेल तर दिव्याचं बटणसुद्धा दाबू नका, चालू असेल ते चालू, बंद असेल ते बंद. शटर-खिडक्या उघडा.

ओल्या चिंध्या झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात टाका, रोजच्या रोज बाहेर काढा. थिनरने हात धुऊ नका, कातडीतलं तेल जातं आणि भेगा पडतात. आणि रिकामं बॅरल गॅस कटरने कापायला घेऊ नका. बंबाला, पाण्याला, कशाला म्हणून कापतात लोक. रिकाम्या बॅरलमध्ये वाफ असते, आणि भरलेल्यापेक्षा रिकामंच जोरात फुटतं.

जाता जाता एक, याचा थिनरशी संबंध नाही. परवा सोनं म्हणून आपट्याच्या नावाखाली कांचनाच्या फांद्या ओरबाडून विकतील. पानं सारखीच दिसतात, पण आपट्याचं पान छोटं आणि जाड. आणि खरं तर तेही कशाला तोडता? एक पान पुरतं, पोतं कशाला?

हां, तर फरशी. रंगाचे ठिपके पत्र्याच्या पट्टीने खरवडून काढा, उरले तर उरू देत. देवाला चालतात. थिनर लागणारच असेल तर आज वापरा, उद्या नाही, आणि वाटीभर घ्या, बादलीभर नको. शटर वर, डबा झाकलेला. पूजेच्या आधी बॅरल शेडबाहेर सावलीत. माळ सिलेंडरला घालायची हौस असेल तर गळ्यात घाला, पिनला हात लावू नका. वाळू बादलीत असू दे.

पुढच्या वर्षी मी खंडेनवमीला सुट्टी टाकली होती. तोंड दाखवायला नको वाटत होतं. सकाळी अकराच्या सुमारास स्टोअरवाले काका सायकलवर खोलीवर आले. म्हणाले, “आईंनी बोलावलंय.” गेलो. शटर सताड उघडं, पंखे फुल्ल चालू, आणि समई बाहेर ओट्यावर, वाऱ्याच्या बाजूला पत्र्याचा आडोसा करून ठेवलेली. तो पोरगा शेजारी उभा होता, चपला घालून. आईंनी काडेपेटी माझ्या हातात दिली आणि म्हणाल्या, “वास घे आधी. मग लाव.”