सोडवलेल्या पोरी घरी कधी जातात?

आयोजकांनी मला विषय दिलाय मसाई मुलींची सुटका. मसाई म्हणजे केनिया आणि टांझानियातला गुरं पाळणारा समाज. पण खरं सांगू, सुटका हा त्यातला सोपा भाग. पोरगी रात्री पळते, एखाद्या टीचरचं नाहीतर चर्चचं दार वाजवते, चीफ, म्हणजे तिथला सरकारी अधिकारी, आणि पोलीस येतात, तिला रेस्क्यू सेंटरला पोचवतात. खतना, म्हणजे मुलीच्या जननेंद्रियाचा भाग कापणं, तो टळला, लग्न टळलं. पण पोरगी बारा वर्षांची आहे हो, तिला आई पाहिजे असते. म्हणून मी बोलणारे ते मुली आणि घरचे परत समोरासमोर बसतात त्या मेळाव्यांबद्दल.

केनियात नारोकला ॲग्नेस पारेयिओ यांनी 2002 मध्ये तासारू हे सेंटर सुरू केलं. त्याच्या आधी बाई गावोगाव पायी फिरायच्या, हातात बाईच्या शरीराचं लाकडी मॉडेल, आणि खतन्यात काय कापतात, बाळंतपणात त्याचा कसा त्रास होतो ते त्यावर दाखवायच्या. आपल्याकडे शाळेत तो धडा अजून घाईघाईत उरकतात, आणि या बाई नव्वदच्या दशकात मसाई म्हाताऱ्यांसमोर!

आता बाप का चिडतो ते बघा. खतना झाला की मुलगी लग्नाची झाली, शाळा बंद, आणि लग्न म्हणजे बापाच्या घरी गाई येणार. बऱ्याचदा गाई आधीच घेतलेल्या असतात, पोरगी पळाली की त्या परत करायच्या, आणि 2020 नंतरच्या दुष्काळात ज्याची अर्धी गुरं मेली त्यानं त्या आणायच्या कुठनं? मी त्याची बाजू घेत नाहीये. पण हा हिशोब कळला नाही तर त्याच्याशी बोलणार काय?

मी गेले होते त्या मेळाव्यात मंडपात प्लास्टिकच्या खुर्च्या, दुधाचा गोड चहा, अगदी आपल्यासारखा. आया आधीच येऊन बसलेल्या. बापलोक लांब झाडाखाली, शुका, म्हणजे लाल चादर, खांद्यावर, पायात टायरच्या चपला, जणू वाटेनं जाताना सहज थांबलेत. तासभर कोणी आत येईना. मग एक म्हातारा उठला, मूठभर गवत उपटून हातात धरलं, ही त्यांच्याकडची शांततेची खूण, आणि त्याच्या मागनं बाकीचे आले. मुली एकेक करून त्याच्यासमोर डोकं वाकवायच्या आणि तो डोक्यावर हात ठेवायचा, मसाई पोरं मोठ्यांना असाच नमस्कार करतात. एका पोरीचा बाप शेवटपर्यंत बाहेरच राहिला. तिची आई मात्र लेकीच्या गळ्यातली मण्यांची माळ उगाचच परत परत सरळ करत बसली होती.

केनियात खतन्याविरुद्धचा कायदा कडक आहे, 2011 चा. कमीत कमी तीन वर्षं कैद किंवा दोन लाख शिलिंग दंड, आणि खतना न झालेल्या बाईला त्यावरून हिणवलं तरी गुन्हा. खतना झालेल्या बायकांचं देशभरातलं प्रमाण 2014 ला 21 टक्के होतं, 2022 ला 15 वर आलं. मसाईंमध्ये ते अजून बरंच जास्त आहे, आणि कायद्याच्या धाकानं काही जण पोरींना गुपचूप सीमेपलीकडे टांझानियात नेतात, म्हणजे पोलिसांनी सगळं होत नाही. त्यापेक्षा 1996 ला केनियातल्याच थाराका भागात सुरू झालेली पद्धत मला पटते: मुलगी मोठी झाल्याच्या समारंभातलं शिकवणं, गाणी, आशीर्वाद सगळं ठेवायचं, फक्त ब्लेड काढून टाकायचं. पुढे नाइस लेंगेटे या मसाई कार्यकर्तीनं मसाई वडीलधाऱ्यांना आणि मोरानांना, म्हणजे तरुण योद्ध्यांना, हेच पटवलं. मोरानच जर म्हणाले की आम्हाला खतना न झालेली बायको चालेल, तर बापाकडे कारणच उरत नाही.

आणि हे तिकडं आफ्रिकेत चालतं असं म्हणून सुस्कारा सोडू नका. मुंबईत बोहरा समाजातल्या बायका आपल्या लहानपणीच्या खतन्याबद्दल आता उघड बोलतायत, प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलंय. बालविवाहाचं तर बोलायलाच नको, बीडला जाऊन या.

तुम्हाला मदत करायची असेल तर एक सांगते. मुलीच्या फीला, गादीला, युनिफॉर्मला पैसे देणारे पुष्कळ भेटतात, फोटो छान येतो ना. तिच्या आईच्या मटाटूच्या, म्हणजे तिकडच्या वडापच्या, भाड्याला कोणी देत नाही, किंवा परत कराव्या लागलेल्या गाईंच्या जागी त्या घराला दोन शेळ्या घेऊन द्यायला. देणगी देण्याआधी संस्थेला विचारा, घरच्यांसाठी तुमच्या बजेटमध्ये काय आहे? काहीच नसेल तर दुसरी संस्था बघा. चला, आता तुमचे प्रश्न घेते.